वकील पणजीचा, कंपनी इचलकरंजीची: वकिली फीवरचा जीएसटी कोणता आणि तो भरायचा कोणी

मुंबई उच्च न्यायालयाचा पसारा एका राज्यापुरता नाही. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश, तिन्हींकडची प्रकरणं या एकाच न्यायालयाकडे येतात. मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि गोव्यातली पर्वरी इथे त्याचं कामकाज चालतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही सुरू झालं आहे. जीएसटीच्या हिशेबात मात्र हे तीन वेगळे प्रदेश आहेत: महाराष्ट्राचा कोड २७, गोव्याचा ३०, दादरा-नगर हवेली व दमण-दीवचा २६.

वकिलाचं बिल आलं की बहुतेक ऑफिसांत पहिला प्रश्न निघतो, "केस कुठल्या कोर्टात आहे?" करासाठी या प्रश्नाचा जवळजवळ कधीच उपयोग होत नाही. कोर्ट दिल्लीत असो की मडगावात, कायदा दोनच पत्ते बघतो: वकिलाचं ऑफिस कुठे आहे आणि सेवा घेणाऱ्याची नोंदणी कुठे आहे. जमिनीच्या कामात तिसरा पत्ता येतो, त्याबद्दल पुढे.

आधी बघा, कर लागतो का

वकिली सेवेवर जीएसटीचा दर १८ टक्के आहे. पण बऱ्याच लोकांना तो मुळात लागूच होत नाही. घटस्फोट, वारसा, भाऊबंदकीतला दावा, जामीन अशा खाजगी कामासाठी सामान्य माणूस वकील करतो तेव्हा फी करमुक्त असते, मग वकील कुठल्याही राज्यातला असो. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दिलेली सेवाही करमुक्त. एका वकिलाने दुसऱ्या वकिलाला किंवा वकिलांच्या फर्मला दिलेली सेवा करमुक्त आहे, फक्त सेवा देणारा सीनियर अॅडव्होकेट (न्यायालयाने ज्येष्ठ दर्जा दिलेला वकील) असेल तर ही शेवटची सवलत नाही.

उरला व्यवसाय. व्यावसायिक संस्थेची मागच्या आर्थिक वर्षातली एकूण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असेल तर तिलाही कर नाही. सेवा देणाऱ्यांसाठी ही मर्यादा २० लाख रुपये आहे. फक्त मालाचा व्यापार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्र आणि गोव्यात ती ४० लाख आहे. इथे "मागच्या" या शब्दावर बोट ठेवा. यंदा धंदा दुप्पट झाला म्हणून यंदाच्या वकील फीवर कर सुरू होत नाही, तो पुढच्या एप्रिलपासून होतो. उलटही खरं: गेल्या वर्षी ५५ लाखांची उलाढाल होती आणि यंदा धंदा बसला, तरी यंदाच्या फीवर कर आहेच.

उलाढाल मोजताना एकाच पॅनवरची देशभरातली सगळी विक्री धरायची, त्यात करमुक्त विक्रीही आली. "आमच्या मालावर टॅक्सच नाही" असं म्हणणारा धान्याचा व्यापारी म्हणूनच इथे चुकतो.

कर भरायचा कोणी

वकील नव्हे, सेवा घेणारा व्यवसाय. हा रिव्हर्स चार्ज, बोलीभाषेत आरसीएम. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा याबद्दल बराच गोंधळ होता. कोर्टात उभं राहण्याची सेवा आरसीएममध्ये येते आणि नुसता सल्ला येत नाही, असाही एक अर्थ लावला जात होता. सरकारने त्याच महिन्यात खुलासा केला आणि पुढे अधिसूचनेची भाषाही दुरुस्त केली: सल्ला, मसुदा, नोटीस, कोर्टातली हजेरी, सगळं आरसीएममध्येच.

अट एकच. सेवा देणारा वकिलांच्या कायद्याखालचा वकील हवा किंवा वकिलांची फर्म हवी, आणि एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, हीही फर्ममध्ये मोडते. चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, वकील नसलेला कर सल्लागार किंवा "लीगल सर्व्हिसेस" नावाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी यांना हा नियम लागू नाही. तिथे नेहमीसारखा कर त्यांनीच बिलात लावायचा. एकाच जीएसटी अपिलासाठी वकील आणि सीए दोघे असतील तर दोन बिलांची वाट वेगळी होते. हिशेब लिहिताना दोन्ही "लीगल अँड प्रोफेशनल फी" या एकाच खात्यात टाकली जातात आणि आरसीएम हमखास इथेच निसटतो. खातीच वेगळी ठेवा: एक वकिलांचं, एक बाकी सल्लागारांचं.

नोंदणी नसलेल्या वकिलाने बिलात १८ टक्के लावले असतील तर ते बिल परत पाठवा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करण्याचा अधिकारच नाही. नोंदणी असलेल्या वकिलाने लावले तरी परतच पाठवा. त्याला दिलेल्या पैशाने तुमची आरसीएमची जबाबदारी संपत नाही आणि तोच कर दोनदा जाण्याची वेळ येते.

दोन पत्त्यांचा नियम

सेवा घेणारा नोंदणीकृत असेल तर सेवेचं ठिकाण म्हणजे त्याच्या नोंदणीचं ठिकाण. आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी, त्याच्या कायद्याच्या कलम १२(२) मध्ये हे आहे. मग वकिलाचं ऑफिस त्याच राज्यात असेल तर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९ टक्के आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९ टक्के, दुसऱ्या राज्यात असेल तर आयजीएसटी १८ टक्के.

कोल्हापूरची कंपनी, कोल्हापूरचाच वकील, खटला पर्वरीत: सीजीएसटी आणि एसजीएसटी. तीच कंपनी, म्हापशाचा वकील, खटला मुंबईत: आयजीएसटी. बेळगावचा व्यापारी, ज्याचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, कोल्हापूरच्या वकिलाकडून कागद करून घेतो: आयजीएसटी, आणि तो भरायचा कर्नाटकातल्या रिटर्नमध्ये. सिल्वासाचा कारखाना, सिल्वासाचा वकील: सीजीएसटी, आणि एसजीएसटीच्या जागी यूटीजीएसटी (केंद्रशासित प्रदेशाचा वाटा). हिंजवडीतलं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) युनिट आणि पुण्याचा वकील हा एक अपवाद. दोघे एकाच शहरात असले तरी एसईझेडला दिलेली सेवा कायद्याने आंतरराज्य धरली जाते.

वकिलाचे दोन-तीन शहरांत चेंबर असतील तर ज्या ऑफिसातून काम झालं ते त्याचं ठिकाण. मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे बसणाऱ्या फर्मच्या लेटरहेडवर खाली सगळे पत्ते छापलेले असतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. नेमणुकीच्या पत्रातच लिहून घ्या की कुठल्या ऑफिसातून काम होईल आणि बिल कुठल्या पत्त्याचं येईल. ही एक ओळ पुढचा पुष्कळ पत्रव्यवहार वाचवते.

एक बिल, पहिल्यापासून शेवटपर्यंत

इचलकरंजीची एक कापड कंपनी, नोंदणी फक्त महाराष्ट्रात. मडगावच्या व्यापाऱ्याकडून वसुलीसाठी पणजीचा वकील केला. वकिलाची जीएसटी नोंदणी नाही. १८ जुलैला त्याला २५,००० रुपये आगाऊ दिले. दावा दाखल झाला आणि ५ ऑगस्टला बिल आलं: फी ८०,०००, मडगावला जाण्या-येण्याचा खर्च ६,०००, कोर्ट फी १२,०००. उरलेली रक्कम २८ ऑगस्टला दिली.

पहिलं काम, कर कशावर ते ठरवणं. कोर्ट फी कंपनीच्या वतीने भरली, पावती आहे, बिलात वेगळी दाखवली आणि जेवढी भरली तेवढीच लावली, म्हणून ती वगळता येते. यातली एक गोष्ट जरी नसली, समजा बिलात "फी व कोर्ट खर्च, एकूण ९२,०००" एवढंच लिहिलं असलं, तर सगळ्या रकमेवर कर लागतो. प्रवासखर्च मात्र वगळता येत नाही. तिकीट, हॉटेल, टॅक्सी ही वकिलाने स्वतःच्या सेवेसाठी केलेली सोय आहे, ती फीचाच भाग. परगावच्या वकिलाच्या बिलात हा आकडा मोठा असतो आणि "हा तर नुसता परतावा आहे" असं म्हणत तो सर्रास सोडला जातो. तर करपात्र रक्कम ८०,००० अधिक ६,०००, म्हणजे ८६,०००. आयजीएसटी १५,४८०.

दुसरं, कर कधी. आगाऊ दिलेल्या पैशावर पैसे दिले त्याच महिन्यात कर लागतो. कंपनीच्या वहीत नोंद किंवा बँकेतून वजावट, यातलं जे आधी ती तारीख. म्हणून २५,००० वरचे ४,५०० रुपये जुलैच्या जीएसटीआर-३बी या मासिक रिटर्नमध्ये, म्हणजे २० ऑगस्टपर्यंत. उरलेल्या ६१,००० वरचे १०,९८० ऑगस्टच्या रिटर्नमध्ये, २० सप्टेंबरपर्यंत. आगाऊ रक्कम मार्चमध्ये आणि बिल जूनमध्ये असेल तर ही चूक आर्थिक वर्ष ओलांडून जाते आणि ऑडिटमध्ये सापडते. उशिराला वर्षाला १८ टक्के व्याज आहे: १५,४८० रुपये सहा महिने राहिले तर सुमारे १,४०० रुपये.

तिसरं, कागद. वकील नोंदणीकृत नाही म्हणून बिल तुम्हीच तुमच्या नावाने करायचं, म्हणजे सेल्फ इनव्हॉइस. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला मुदत आहे: सेवा मिळाल्यापासून ३० दिवस. त्याच तारखेपासून कर लागण्याची तारीखही या सेल्फ इनव्हॉइसला बांधली गेली. पैसे दिल्याची तारीख आणि सेल्फ इनव्हॉइसची तारीख यातली जी आधी ती. पूर्वीचा "वकिलाच्या बिलापासून ६० दिवस" हा हिशेब आता फक्त नोंदणीकृत वकिलापुरता उरला आहे. जुन्या पद्धतीने सेट केलेली अकाउंटिंग सॉफ्टवेअर अजून तेच ६० दिवस मोजत असतील तर बदलून घ्या.

सेल्फ इनव्हॉइसवर इतकं हवं: स्वतंत्र मालिकेतला अनुक्रमांक, तारीख, वकिलाचं नाव आणि पणजीचा पत्ता, तुमचं नाव आणि जीएसटी क्रमांक, सेवेचं वर्णन, सेवा कोड ९९८२१२ (फौजदारी कायद्याच्या कामाला ९९८२११), सेवेचं ठिकाण "महाराष्ट्र, २७", रक्कम ८६,०००, आयजीएसटी १८ टक्के १५,४८०, "रिव्हर्स चार्ज: होय", आणि सही. वकिलाचं मूळ बिल आणि कोर्ट फीची पावती त्याला टाचून ठेवा. पैसे देताना पेमेंट व्हाउचर वेगळं करावं लागतं, आगाऊ रकमेचंही. हे व्हाउचर बहुतेक कोणी करत नाही, पण तपासणीत मागतात.

चौथं, भरणा. आरसीएमचा कर जमा क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून, भरता येत नाही. क्रेडिट लेजरमध्ये दहा लाख पडलेले असले तरी हे १५,४८० रुपये कॅश लेजरमध्ये रोखच लागतात. चलन काढताना आयजीएसटीच्या रकान्यात पैसे टाका. चुकून सीजीएसटीत गेले आणि अजून वापरले नसतील तर पीएमटी-०९ फॉर्मने ते दुसऱ्या हेडला, म्हणजे कराच्या दुसऱ्या रकान्यात, हलवता येतात, घाबरण्यासारखं काही नाही.

पाचवं, रिटर्न. जीएसटीआर-३बी च्या तक्ता ३.१(ड) मध्ये देणं दाखवायचं, इंग्रजी फॉर्मवर हाच डी रकाना. क्रेडिट तक्ता ४(ए)(३) मध्ये. जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) च्या तक्ता १३ मध्ये सेल्फ इनव्हॉइसची मालिका आणि संख्या. आगाऊ रकमेवरचे ४,५०० जुलैमध्ये भरले तरी त्यांचं क्रेडिट जुलैमध्ये घेऊ नका. सेवा मिळाल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही, म्हणून पूर्ण १५,४८० चं क्रेडिट ऑगस्टमध्ये. पोर्टलवर ऑगस्ट २०२४ पासून आरसीएमचं देणं आणि क्रेडिट यांचा ताळमेळ दाखवणारं विवरण आहे. घेतलेलं क्रेडिट भरलेल्या कराहून जास्त झालं की तिथे लगेच दिसतं.

नोंदणीकृत वकील असेल तर हे बरंच सोपं होतं. त्याच्या बिलावर रिव्हर्स चार्जचा उल्लेख येतो, तो ते त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवतो, तुमच्या जीएसटीआर-२बी, म्हणजे क्रेडिटच्या विवरणात, ते उमटतं, सेल्फ इनव्हॉइस लागत नाही.

जुनी राहून गेलेली बिलं सापडली तर? नोंदणी नसलेल्या वकिलाच्या बाबतीत जून २०२४ च्या परिपत्रकाने दिलासा दिला आहे. क्रेडिटची मुदत ज्या वर्षी सेल्फ इनव्हॉइस केलं त्या वर्षापासून मोजायची, मूळ सेवा कुठल्याही वर्षीची असो. व्याज भरावं लागतं आणि उशिरा इनव्हॉइस केल्याबद्दल दंडाचा धोका राहतो, पण कर बुडीत जात नाही.

कंपोझिशनवाल्यांनाही (उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरणारे छोटे व्यावसायिक) आरसीएम लागतो, पुऱ्या १८ टक्क्यांनी, आणि क्रेडिट मिळत नाही. एक टक्का भरायची सवय असलेल्या दुकानदाराला हे पचत नाही, पण नियम तसाच आहे.

दोन राज्यांत नोंदणी असेल तर

कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईत, कारखाना वेर्ण्याला, दोन्हीकडे नोंदणी. मुंबईच्या वकिलाने कारखान्याच्या कामगारांची केस लढवली. सेवा घेतली कारखान्याने, म्हणून सेल्फ इनव्हॉइस गोव्याच्या क्रमांकावर, आयजीएसटी गोव्याच्या रिटर्नमध्ये. पैसे मुंबईच्या बँक खात्यातून गेले याने फरक पडत नाही. नेमणुकीच्या पत्रावर आणि बिलावर कारखान्याचा पत्ता व ३० ने सुरू होणारा क्रमांक असला की वाद राहत नाही. वकील मात्र सवयीने मुंबईच्या पत्त्यावर बिल करतात, कारण पैसे तिथून येतात.

काम सगळ्या कंपनीचं असेल, समजा ट्रेडमार्कचा दावा किंवा सर्वोच्च न्यायालयातलं कराचं अपील, तर ते मुख्य ऑफिसने घेतलेली सेवा. पण क्रेडिट एकट्या मुंबईने ठेवून चालत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ते इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आयएसडी, या वेगळ्या नोंदणीतून सगळ्या राज्यांना वाटणं सक्तीचं आहे, आणि आरसीएमची बिलंही त्यात धरली आहेत. अडचण अशी की आयएसडी स्वतः आरसीएम भरू शकत नाही. म्हणून आधी मुंबईच्या नेहमीच्या नोंदणीतून कर रोख भरायचा, मग त्या नोंदणीने नियम ५४(१ए) खाली आयएसडीच्या नावाने इनव्हॉइस काढून क्रेडिट तिकडे द्यायचं, आणि आयएसडीने जीएसटीआर-६ मधून उलाढालीच्या प्रमाणात ते वाटायचं. जीएसटीआर-६ ची तारीख पुढच्या महिन्याची १३. दिल्लीच्या वकिलाच्या बिलावरचं आयजीएसटी क्रेडिट सगळीकडे आयजीएसटी म्हणूनच जातं. मुंबईच्या वकिलाचं सीजीएसटी-एसजीएसटी क्रेडिट गोव्याला जाताना आयजीएसटी बनतं, महाराष्ट्रातल्या युनिटला मात्र जसंच्या तसं मिळतं.

जमिनीचं काम: इथे थांबून विचार करा

स्थावर मालमत्तेशी थेट संबंध असलेल्या सेवेचं ठिकाण म्हणजे ती मालमत्ता जिथे आहे ते ठिकाण, असं कलम १२(३) सांगतं. त्यात वास्तुविशारद, सर्वेक्षक, इंजिनीअर आणि इतर संबंधित तज्ज्ञांची नावं आहेत. वकिलाचं नाव नाही. पण एका ठरावीक सर्व्हे नंबरचा टायटल सर्च (मालकी हक्काचा शोध) आणि त्याचं खरेदीखत हे काम जमिनीशी थेट संबंधित नाही, असं ठामपणे म्हणणंही कठीण आहे.

थेट संबंध आहे असं मानलं तर काय होतं बघा. पुण्याची कंपनी, नोंदणी फक्त महाराष्ट्रात. पेडण्यातल्या जमिनीसाठी म्हापशाच्या वकिलाकडून टायटल रिपोर्ट घेतला. वकील गोव्यात, सेवेचं ठिकाण गोवा, म्हणजे व्यवहार गोव्याच्या आतला: सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी. तो आरसीएमने भरायचा पुण्याच्या कंपनीने, जिची गोव्यात नोंदणीच नाही. महाराष्ट्राच्या रिटर्नमध्ये गोव्याचा एसजीएसटी भरायला जागा नाही, आणि भरला तरी त्याचं क्रेडिट महाराष्ट्रात मिळणार नाही. कायद्याची दोन कलमं एकमेकांत अडकतात ती ही जागा.

आमचं मत असं. सर्वसाधारण सल्ला, करारांची तपासणी, मालमत्तेवरून चाललेला पैशांचा दावा ही कामं कलम १२(२) मध्येच ठेवावीत आणि महाराष्ट्रातून आयजीएसटी भरावा. एका ठरावीक जमिनीचा टायटल सर्च आणि खरेदीखत असेल तर काम सुरू होण्याआधी कर सल्लागाराचं लेखी मत घ्यावं आणि ते फाइलला लावावं. गोव्यात पुढे हॉटेल किंवा गोदाम चालवायचंच असेल तर तिथली नोंदणी लवकर घेऊन कागद त्या क्रमांकावर करावेत. मग वाद राहतच नाही, कारण दोन्ही कलमांनी उत्तर गोवाच येतं. टायटल सर्च आणि बाकीचा सल्ला एकाच बिलात एकाच आकड्यात घेऊ नका, निदान दोन ओळी तरी करा.

शिवाय स्वतःसाठी इमारत बांधण्याच्या कामी घेतलेल्या सेवांचं क्रेडिट कलम १७(५) अडवतं. जमीन खरेदीच्या फीचं क्रेडिट घेताना हे आधी तपासा.

दिल्लीचा सीनियर

सर्वोच्च न्यायालयात सीनियर अॅडव्होकेट उभे करायचे तर ते थेट पक्षकाराकडून काम घेत नाहीत, मधे दुसरा वकील असतो. बरेचदा त्यांची फी त्या वकिलामार्फतच जाते. अधिसूचना स्पष्ट म्हणते की अशा वेळी खटल्यातला व्यावसायिक पक्षकार हाच सेवा घेणारा. म्हणजे सीनियरच्या फीवरही आरसीएम कंपनीनेच भरायचा. सीनियरचा मेमो कंपनीच्या नावाने, वेगळा, त्यांच्या दिल्लीच्या पत्त्यासह मागून घ्या. मधल्या वकिलाने "सीनियरची फी व आमची फी" असं मिळून बिल दिलं आणि मधला वकील नागपूरचा असेल, तर अर्ध्या रकमेवर आयजीएसटी आणि अर्ध्यावर सीजीएसटी-एसजीएसटी असा गुंता होतो आणि तो सोडवायला कागदच नसतो.

लवादातही असंच. लवादाच्या फीवर आरसीएमची वेगळी नोंद आहे. दोन्ही पक्षांनी फी निम्मी-निम्मी वाटली तर प्रत्येकाने आपल्या निम्म्यावर, आपल्या राज्यानुसार कर भरायचा.

वकिलांनी काय बघायचं

जो फक्त आरसीएममध्ये येणारी सेवा देतो त्याला नोंदणी लागत नाही, फी कितीही असो आणि अशील कुठल्याही राज्यातले असोत. आंतरराज्य सेवा म्हटली की सक्तीची नोंदणी, ही भीती सेवांच्या बाबतीत ऑक्टोबर २०१७ मध्येच संपली. २० लाखांपर्यंत तीही सूट आहे.

सापळा आहे तो "फक्त" या शब्दात. वकिलाची फी वर्षाला ४५ लाख, आणि स्वतःच्या मालकीचा एक गाळा जीएसटी नोंदणी नसलेल्या दुकानाला भाड्याने दिला आहे, भाडं वर्षाला ३ लाख. नोंदणी नसलेल्या भाडेकरूचं भाडं आरसीएमच्या नोंदीत येत नाही, ती साधी करपात्र सेवा. आणि एकूण उलाढाल मोजताना ४५ लाखांची फीसुद्धा धरली जाते. म्हणजे मर्यादा ओलांडली, नोंदणी लागली, कर मात्र तीन लाखांवरच. परदेशी अशिलांकडून येणाऱ्या फीबाबतही हेच.

देशाबाहेर

परदेशातल्या कंपनीला पुण्यातून सल्ला दिला तर आरसीएम नाही, कारण सेवा घेणारा भारतात नाही. ही निर्यात ठरते, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या रुपयांत आले तर. नोंदणी झाल्यावर आरएफडी-११ फॉर्मने एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्यायचं, मग कर न भरता बिल करता येतं. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नवं लागतं. पैसे बिलाच्या तारखेपासून एका वर्षात आले नाहीत तर त्यानंतर १५ दिवसांत आयजीएसटी व्याजासह भरावा लागतो.

न्यू जर्सी किंवा दुबईतल्या मराठी माणसाने साताऱ्याच्या वडिलोपार्जित घराच्या वादासाठी वकील केला तर त्याला जीएसटी नाही. मालमत्ता भारतात असल्याने ही निर्यात धरता येईलच असं नाही, पण तो खाजगी व्यक्ती असल्याने फी तशीही करमुक्त. अशा अशिलांना १८ टक्क्यांचं बिल आलं तर त्यांनी आधी वकिलाचा जीएसटी क्रमांक मागावा आणि मग करमुक्तीच्या नोंदीकडे बोट दाखवावं.

उलट दिशेने, भारतातल्या कंपनीने लंडनच्या सॉलिसिटरचा सल्ला घेतला तर ती सेवेची आयात: आयजीएसटी १८ टक्के, आरसीएमने. इथे २० लाखांची वकिली सवलत मिळत नाही, कारण तो आपल्या कायद्याखालचा वकील नाही. क्रेडिट तक्ता ४(ए)(२) मध्ये जातं. तोच सॉलिसिटर लंडनमधल्या गोदामाची खरेदी बघत असेल तर मात्र सेवेचं ठिकाण लंडन होतं आणि इथे कर लागत नाही.

चुकीच्या हेडला भरलं तर

इचलकरंजीच्या त्याच कंपनीने १५,४८० आयजीएसटीऐवजी ७,७४० सीजीएसटी आणि ७,७४० एसजीएसटी भरले असं धरू. सेवेचं ठिकाण महाराष्ट्र असल्याने राज्याचा वाटा शेवटी महाराष्ट्राकडेच येणार, पण म्हणून हेड चालवून घेतलं जात नाही. आधी १५,४८० आयजीएसटी भरायचा. या कारणाने उशिरा भरलेल्या आयजीएसटीवर व्याज नाही, सीजीएसटी कायद्याचं कलम ७७ आणि आयजीएसटीचं कलम १९ हे स्पष्ट सांगतात. मग चुकून भरलेल्या रकमेचा परतावा आरएफडी-०१ फॉर्मवर मागायचा, योग्य हेडला कर भरल्यापासून दोन वर्षांत. चुकीच्या हेडचं क्रेडिट घेऊन वापरलं असेल तर ते आधी उलटवावं लागतं, नाहीतर परताव्याचा अर्ज तिथेच अडतो. योग्य आयजीएसटीचं क्रेडिट त्याच रिटर्नमध्ये घेता येतं, म्हणून खरा तोटा असतो तो परतावा येईपर्यंत अडकलेल्या पैशाचा.